डावी काच

१

धम्मपालच्या वर्कशॉपात दिवसभर उदबत्ती जळायची. आता तुम्ही म्हणाल, माणूस देवभोळा असेल. छे! त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा म्हणून नव्हता. ही उदबत्ती हवेसाठी असायची. धम्मपाल गाड्यांचे एसी आणि हीटर दुरुस्त करायचा, आणि हवा काही डोळ्यांना दिसत नाही. मग पेटती उदबत्ती जाळीसमोर धरायची, धूर कुठं वळतो ते बघायचं, की गळती कुठं आणि अडलंय कुठं ते कळतं. वीस वर्षं त्याची हीच पद्धत होती.

शेजारी भाऊसोचं पंक्चरचं दुकान होतं. त्याला तोंड आवरायची सवय नव्हती. "अरं धम्मा, बुद्धाचा माणूस तू, आन् दिवसभर गाड्यास्नी ओवाळत बसतोस लगा!"

"देवाम्होरं लावली तर धूर कुठं जातोय ते कोण बघतंय, भाऊसो? हितं बघायला लागतंय," धम्मपाल म्हणायचा, आणि दोघं हसायचे. उचगावच्या पुढं, बेंगळूर हायवेला लागून त्या दोन पत्र्याच्या शेड. समोरून दिवसरात्र ट्रक धडधडत जायचे.

दोन हजार सातचा श्रावण होता. झड लागलेली. दुपारी प्रभुलिंगचा मोठा ट्रेलर दारात उभा राहिला आणि धम्मपालच्या हातातला पाना हातातच राहिला. महिनाभर तो याच गाडीची वाट बघत होता, आणि ती येऊ नये असंही त्याला वाटत होतं.

प्रभुलिंग आणि तो एके काळी एकाच ट्रकवर क्लीनर होते. एका ताटात जेवलेले, एका ताडपत्रीखाली भिजलेले. पुढं धम्मपाल पाना घेऊन बसला आणि प्रभुलिंगनं स्टिअरिंग धरलं. आता तो फाउंड्रीचा माल बेंगळूरला नेणारा एसी केबिनचा ट्रेलर चालवायचा. मूळचा नेसरीचा, पण घर कागलात बांधलं होतं. बायको यल्लव्वा, मुलगी श्रुती. त्यातली यल्लव्वा आषाढात गेली.

प्रभुलिंग खाली उतरला. गालाची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. त्यानं हसायचा प्रयत्न केला.

"धम्मा, काचंवर हवा येईना झालीया. बटण कुठंबी फिरव, सगळी हवा डाव्या सीटकडं जातीया. पावसात काच आतनं धरती, म्होरचं कायबी दिसत न्हाय. परवा निपाणीजवळ दुधाच्या टँकराखाली जाता जाता ऱ्हायलो."

तो हे असं म्हणाला, जसं कुणी चहात साखर कमी पडल्याचं सांगावं. टँकर चुकल्याचं याला सुख नाही आणि दुःखही नाही, हे धम्मपालला तिथंच कळलं.

२

डाव्या सीटकडं हवा का जाते, हे धम्मपालला न बघताही ठाऊक होतं. ती युक्ती त्याचीच होती.

यल्लव्वाचं माहेर धारवाडच्या अंगाला. आषाढात बेंगळूरहून परत येताना प्रभुलिंगनं तिला तिथून गाडीत घेतलं. बेळगाव मागं टाकलं न टाकलं, तोच तिच्या छातीत कळ आली आणि मान कलली. रस्त्याकडेच्या एका लहानशा दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं मनगट धरलं, पापणी वर करून बघितली आणि कानडीत सांगितलं, "होगिबिट्रु." गेल्या, घरी घेऊन जा.

लिंगायतांत मयताला आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात, आणि बसलेलंच मातीत ठेवतात. अंग एकदा आखडलं की मग मांडी घालता येत नाही. म्हणून प्रभुलिंगनं रडत रडत तिला तिथल्या तिथं डाव्या सीटवर मांडी घालून बसवलं, शालीनं सीटला बांधलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवलं. डोकं आपोआप काचेकडं कललं. आणि मग त्यानं धम्मपालला फोन लावला.

"यल्ला गेली, धम्मा. हवा लई दमट हाय. घरापतूर नीट न्यायची हाय तिला. सगळी थंड हवा तिच्याकडं कशी वळवू, सांग."

कशी गेली, कुठं गेली, हे धम्मपालला विचारायचं होतं. पण काम विचारलं की हात आधी चालतो, तसं त्याचं तोंड चाललं. डॅशबोर्डखालचं झाकण काढ. आत हवा कुठं जायची ते ठरवणारी एक झडप असते, तिला ढकलणारी दांडी लहानशा मोटरला जोडलेली असते, ती सोडव. झडप हातानं डावीकडं ढकल आणि कसली तरी पाचर मार. एसी पुऱ्या थंडावर लाव. प्रभुलिंगनं सांगितलं तसं केलं. संध्याकाळी कागलात पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लव्वाला बसवून माती दिली.

३

"तू चहा घेऊन ये जा," धम्मपाल म्हणाला, "तवर मी पाचर काढतो." प्रभुलिंग भाऊसोकडं गेला.

धम्मपालनं झाकण काढलं आणि बॅटरी मारली. पाचर झडपेत नव्हतीच. ती खाली पडली होती. यल्लव्वाची लाकडी फणी होती ती. एकदोन लांब केस अजून दातांत होते. त्यानं ती फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली.

झडप मोकळी होती. कुणीही तिला धरलेलं नव्हतं, तरी ती डावीकडं गच्च बसली होती. बोटानं ढकलली तर सहज उजवीकडं आली, आणि बोट काढताच परत गेली. ती स्प्रिंगसारखी फटकन गेली नाही. सावकाश, झोपेतलं माणूस पांघरूण ओढून घेतं तशी गेली.

धम्मपाल घाबरट नव्हता. झडप वाकली असेल, त्याला वाटलं. त्यानं ती काढून सपाट काचेवर ठेवून बघितली. सुतासारखी सरळ होती. मोटरचा दात तुटला असेल म्हणून नवी मोटर बसवली. दांडी जोडली, बटण फिरवलं. झडप काचेकडं वळली, क्षणभर थांबली आणि मोटरला रेटत परत डावीकडं गेली. आतनं मोटरचा कर्रकर्र आवाज येत राहिला. ब्लोअर बंद केला, म्हणजे हवेचा दाबही नाही. तरी झडप जागची हलेना.

"च्यायला," तो पुटपुटला आणि उदबत्ती पेटवली.

गाडी बंद, किल्ली हातात, दोन्ही दारं लावलेली. आत पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा येत होता. त्यानं उदबत्ती गिअरच्या दांड्याजवळ धरली. धूर सरळ वर जायला हवा होता. तो आडवा झाला, डाव्या सीटवर गेला आणि तिथं साचत राहिला. साचता साचता वर चढला. पण मधोमध जागा सोडून. खाली रुंद, वर निमुळती, आणि सगळ्यात वर काचेकडं कललेली अशी एक मोकळी जागा, आणि तिच्या कडेकडेनं धूर.

सीटचा फोम दबला असेल. दाराच्या रबरातनं वारं येत असेल. धम्मपाल स्वतःला एकेक कारण सांगत गेला, आणि त्याचं त्यालाच एकही पटेना. शेवटी धीर करून त्यानं त्या मोकळ्या जागेत हात घातला. बर्फाच्या लादीवर ठेवावा तसा हात गार पडला. त्यानं हात ओढला आणि तडक खाली उतरला.

४

भाऊसोच्या दुकानात प्रभुलिंग चहाचा ग्लास तसाच पुढ्यात घेऊन बसला होता. चहावर साय धरली होती. भाऊसोनं धम्मपालला बाजूला ओढलं.

"ह्यो माणूस बरा न्हाय, धम्मा. मगाधरनं एक शबुद न्हाय. मी म्हटलं, बाबा, दुसरी गाडी माग मालकाकडं. तर म्हंतोय, हिच्यातच झोपतो मी, ही कशी सोडू?"

धम्मपालला हे ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात श्रुतीचा फोन आला होता. पोरगी बारावीला. रडत नव्हती, पण आवाज रडून झाल्यावरचा होता. "काका, बाबा घरात येतच न्हाईत. जेवण गाडीत मागून घेत्यात. रात्री बघितलं तर ड्रायव्हर सीटवर बसून डावीकडं बघत्यात नुस्तं. आई तर गेली. बाबास्नी तेवढं सांभाळा, काका. मला दुसरं कोण हाय?"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, खरं आहे. पण धम्मपालला त्या पोरीचा शब्द जिव्हारी लागला होता. झडप सरळ होवो न होवो, हा माणूस त्या धुरकट काचेमागं बसून कुठल्या तरी टँकराखाली जाणार नाही एवढं त्याला बघायचं होतं.

मग त्यानं कारागिराचं डोकं चालवलं. त्या झडपेचा नादच सोडला. डावीकडं जाणारी नळीच मुळात कापली, तोंड पत्र्यानं बंद केलं, वर चिकटपट्टी गुंडाळली. आता झडप कुठंही जावो, हवेला काचेशिवाय वाट नव्हती. ब्लोअर लावला. हवा समोरच्या काचेवर भसाभसा आली. प्रभुलिंगनं जाळीसमोर तळहात धरला, बराच वेळ धरला.

"तिकडं अजिबात जात न्हाय आता?" त्यानं विचारलं.

"अजिबात न्हाय."

प्रभुलिंगनं मान हलवली. त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

५

"चल, कागलपतूर एक फेरी मारू," धम्मपाल म्हणाला. डाव्या सीटवर बसायचं त्यानं टाळलं आणि प्रभुलिंगनंही बस म्हटलं नाही. तो मागच्या झोपायच्या फळीवर, दोन सीटांच्या मधून पुढं वाकून बसला.

पाऊस चांगलाच धरला होता. गोकुळ शिरगाव मागं पडलं. पुढची काच आरशासारखी साफ होती. धम्मपालच्या जिवावरचं ओझं हळूहळू उतरायला लागलं. बडबड्या तो नव्हताच, पण काम जमलं की कारागिराच्या तोंडाला कुलूप राहत नाही.

"हे बघ, आजपासनं एक सवय लाव. पावसात एसी बंद ठेवायचा न्हाय. तू म्हैनाभर एसी लावलाच न्हाईस, म्हणून काच धरत हुती. एसी आतली हवा कोरडी करतोय. एसी चालू असला की आतनं काच धरतच न्हाय."

"धरतच न्हाय?"

"कशी धरंल? धरली तर भायरनं धरंल. ती वायपरनं जाती. आतनं कितीबी पुसलीस तरी जायची न्हाय. एसी फुल्ल असताना आतनं धरायची म्हंजे कुणीतरी काचंला तोंड टेकवून श्वास घेत बसाय पायजे की!" आणि तो हसला.

प्रभुलिंग हसला नाही. गाडी कागलच्या अलीकडं होती. पुढं कागल आलं, त्याच्या घराचा फाटा आला आणि मागं गेला. गाडी तशीच पुढं चालली.

"धम्मा," तो म्हणाला, "त्या दिशी डावा आरसा दिसंना झालता."

"म्हंजे?"

"तिच्या तोंडाजवळ काच धरत हुती. एवढीशीच, बशीएवढी. मी टावेलनं पुसायचो, लगीच साफ व्हायची. परत धरायची. परत हात लांबवून पुसायचो. मला वाटलं, एसीनं धरती."

धम्मपालनं डाव्या काचेकडं बघितलं. आतनं पुसल्यावर साफ होत होती. म्हणजे आतनंच धरत होती.

"निपाणीपासनं पुसत आलतो मी," प्रभुलिंग सांगत होता. आवाज चढला नव्हता, कापतही नव्हता. "दूधगंगेचा पूल वलांडला आन् मग धरायची थांबली. पुढं कागलापतूर साफच ऱ्हायली. मला वाटलं, पाऊस उघाडला."

"न्हाय, न्हाय, प्रभ्या, ऐक माझं," धम्मपाल घाईघाईनं म्हणाला. "माझं चुकतंय. धरती कवा कवा. जुन्या एसीला धरती आतनं. दमट हवा असली की..."

"तू एसीचं खोटं बोलत न्हाईस, धम्मा. मला म्हाईत हाय."

एवढंच तो बोलला. त्यात दोष दिला नव्हता, आणि तेच धम्मपालला सोसवेना. हवा वळवायची युक्ती त्यानंच सांगितली होती. पुऱ्या थंडावर लाव असं त्यानंच म्हटलं होतं. जिवंत बाई, मांडी घालून सीटला बांधलेली, हातात लिंग घेतलेली, गारठत गेली, आणि नवरा शेजारी बसून तिचा श्वास टावेलनं पुसत आला. मेलो असतो तर बरं, असं धम्मपालला वाटलं.

६

पूल आला. खाली दूधगंगा दोन्ही काठ भरून लालभडक वाहत होती. गाडी पुलावरून पलीकडं गेली, आणि पलीकडच्या काठाला लागताच डाव्या काचेवर वाफ धरली.

बशीएवढी. सीटवर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

एसी चालू होता. डावीकडची नळी कापलेली होती. धम्मपालनं स्वतःचं तोंड हातानं गच्च दाबून धरलं, आपलाच श्वास लागत असेल म्हणून. वाफ हळूहळू विरली, कडा आत आत येत नाहीशी झाली. आणि परत धरली. विरली. परत धरली. मधला वेळ लांब होता, दमलेल्या माणसाचा असतो तसा.

प्रभुलिंगनं ती बघितली. पुढच्या मोकळ्या जागेवर त्यानं गाडी वळवून घेतली आणि परत पुलाच्या तोंडाशी आणली. समोर पूल, पलीकडं पावसातनं कागलचे दिवे लागायला लागलेले. त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं.

"घरला चल, प्रभ्या," धम्मपाल काकुळतीला आला. "पोरगी वाट बघत आसंल."

"पूल वलांडला की थांबतंय ते." प्रभुलिंगनं एसी बंद केला. बटण निळ्यावरून लालावर फिरवलं, शेवटापर्यंत. हीटरची हवा यायला लागली. मग तो डॅशबोर्डखाली वाकला. धम्मपालला वाटलं अडवावं, पण त्याचा हात उठला नाही. प्रभुलिंगनं चिकटपट्टी ओरबाडून काढली, पत्रा उपसला आणि कापलेल्या नळीचं तोंड डाव्या सीटकडं वळवून हातानं धरून ठेवलं. केबिन भट्टीसारखी तापायला लागली. दोघांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या.

"आता बरं वाटतंय?" त्यानं विचारलं. धम्मपालला विचारलं नव्हतं. आवाज इतका मऊ होता, की धम्मपालनं मान खाली घातली आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

मागून एक टँकर हॉर्न देत गेला. त्याच्या उजेडात काच उजळली. वाफ होती. पहिल्यापेक्षा मोठी, पहिल्यापेक्षा जलद येणारी.

तेवढ्यात प्रभुलिंगचा मोबाईल वाजला. श्रुतीचा होता. एक हात नळीवर तसाच ठेवून त्यानं तो कानाला लावला.

"बाबा, कुठं हाय? भाऊसोकाका म्हणालं, गाडी नीट झाली. घरला येताय न्हवं?"

"हितंच हाय, बाळा. पुलाच्या पल्याड. येईन म्हटलं तरी येता येत न्हाय." तो थांबला. "आईसंगं बोलतीस?"

"बाबा, असं काय बोलताय..."

"बोल तर," असं म्हणून प्रभुलिंगनं हात लांबवला आणि मोबाईल रिकाम्या डाव्या सीटवर, काचेजवळ धरला.

बंद केबिनमध्ये श्रुतीचा आवाज बारीक, पण स्पष्ट येत होता. "बाबा? बाबा, ऐका की. काका हाईत का संगं? बाबा?"

मग ती थांबली. काहीतरी ऐकत असावी. धम्मपालला इंजिनाशिवाय आणि पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. काचेवर वाफ धरली, विरली, धरली.

"कोण हाय?" पोरीनं विचारलं. परत ती ऐकत राहिली. आणि मग अगदी हळू, लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "आई?"